लिनन रूममधली परीक्षा

ता. ३ मार्च

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन पंधरवडा झाला. उत्तराला उशीर केला म्हणून आधीच कान धरते. मी बरी आहे. बाबाही बरे आहेत असं दर पत्रात लिहीत आले, ते मात्र खरं नव्हतं.

आई जाऊन अकरा महिने झाले. बाबांनी शाळेतून घेतलेली रजा दोनदा वाढवून झाली. सकाळी उठले की खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात ते दिवे लागेपर्यंत. जेवायला हाक मारली तर येतात, चार घास गिळतात, परत तिथेच. परवा त्यांच्या शाळेतले गणिताचे सर भेटायला आले, तर बाबांनी चक्क झोपेचं सोंग घेतलं. ज्यांचा इंग्रजीचा तास रस्त्यावरून जाणाऱ्यालाही ऐकू यायचा, ते माझ्याशी दिवसात दहा शब्द बोलत नाहीत.

आणखी एक बातमी आहे. मोठ्या पुलाच्या कामावर अभियंता म्हणून माझी निवड झाली. एक जूनला हजर व्हायचं आहे. गाडीने दीड दिवसाचा प्रवास. आईला केवढा आनंद झाला असता! पण बाबांना असं टाकून मी जाणार नाही. नकाराचं पत्र लिहून ठेवलं आहे, या आठवड्यात टाकीन. तुझ्यापासून लपवलं असतं तर पुढे जास्त बोलणी खावी लागली असती, म्हणून सांगितलं.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
भाची


ता. ८ मार्च

चि. भाचीबाईंस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ते नकाराचं पत्र आधी फाड. फाडल्याचं कळव, मग पुढचं बोलू.

तुझा बाप माझ्यापेक्षा दीड वर्षाने धाकटा. मी त्याला पाळण्यापासून ओळखते. त्याची समजूत घालायला गेलं की तो आणखी आत शिरतो, गोगलगायीसारखा. त्याला बाहेर काढणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे चुकीचं इंग्रजी. माझ्या लग्नाच्या पत्रिकेत छापखान्याने इंग्रजी मजकुरात एक एस जादा घातला होता. या बहाद्दराने दोनशे पत्रिका मांडीवर घेऊन तो एस ब्लेडने खरवडून काढला होता. नवऱ्यामुलाचं नाव बरोबर छापलंय का, हे मात्र त्याने पाहिलं नव्हतं.

तेव्हा मी आता त्याची विद्यार्थिनी होते. आमच्या इस्पितळात इंग्रजीची परीक्षा आहे अशी थाप मारते. परीक्षा कसली डोंबलाची, तशी काही भानगड नाही. पण तू तोंड उघडू नकोस. मे अखेरपर्यंत मला मुदत दे. तोवर तो खुर्चीतून उठला नाही, तर तुझं काय ते तू ठरव.

आशीर्वाद भरपूर आहेत, ते पुरवून वापर.

तुझी,
आत्या


ता. ८ मार्च

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

मी खुशाल. हेही खुशाल, गुडघा सोडून. कामाचं पत्र आहे, म्हणून नमनाला घडाभर तेल घालत नाही.

आमच्या लिनन रूममधली मुख्य बाईंची जागा रिकामी होते आहे. इस्पितळाच्या चादरी, अभ्रे, टॉवेल मोजून द्यायचे आणि मोजून घ्यायचे, यात माझी सत्तावीस वर्षं गेली. म्हणजे जागा मलाच मिळायला हवी. पण मे अखेर इंग्रजीची लेखी परीक्षा ठेवली आहे. बाकी एक वेळ जमेल, पण कशाला एस लावायचा आणि कशाला नाही, इथे माझं घोडं पेंड खातं. नमुना म्हणून वहीतली कालची नोंद देते. ट्वेल्व्ह लिनन्स, फोर सोप्स, टू फर्निचर्स, मेनी डर्ट्स. एवढं तपासून पाठव.

या वयात परक्यापुढे पाटी धरायची लाज वाटते. तू घरचा आहेस.

जेवतोस ना वेळेवर? लोभ आहे तो आहेच, त्यात काही मागायचं नाही.

तुझी,
अक्का


ता. १९ मार्च

ती. स्व. अक्कास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. लिनन, सोप, फर्निचर, डर्ट. यातल्या एकालाही एस लागत नाही. ही न मोजण्याची नामं. चादरी मोज, अभ्रे मोज, साबणाच्या वड्या मोज, आणि त्यांना एस लाव.

मला आता शिकवणं जमत नाही. तिथे कुणी शिकवणी घेणारं असेल तर बघ.

कळावे.

भाऊ

ता. क. दोन खुर्च्या असतील तर टू चेअर्स लिही. फर्निचर म्हणजे सगळं मिळून, त्यातलं एकेक सुटं नाही.

आणखी ता. क. मेनी डर्ट्स हे कृपा करून कुणालाही दाखवू नकोस.


ता. २६ मार्च

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

शिकवणं जमत नाही म्हणतोस आणि दोन दोन ता. क. जोडतोस. असो. माझी शंका आहे. लगेज मोजता येत नाही असं पुस्तकात दिलं आहे. मग मी सासरी निघाले तेव्हा तू स्टेशनवर चार नग मोजून डब्यात चढवले होतेस, पाचवा विसरला म्हणून गाडी सुटेपर्यंत माझ्यावरच ओरडत होतास, ते काय होतं? आणि बातम्या तर मी रोज दहा ऐकते. तरी न्यूज एकच? इंग्रजांच्या गावात बायका पाणवठ्यावर भेटत नसाव्यात.

हे लिहिताना अण्णांची ती साखर आठवली. घरी शिकवणीला मुलं आली की अण्णा मूठभर साखर ताटलीत ओतायचे आणि सांगायचे की बोट लावून मोजता येतं त्याला एस, बाकीच्याला नाही, आणि साखर काही मोजता येत नाही. तू आठ वर्षांचा. मोजता येते म्हणून हट्टाला पेटलास आणि ताटली घेऊन मागच्या पायरीवर बसलास. मी सुईने एकेक दाणा ओढायचे, तू मोजायचास. ऊन अंगावरून सरकून भिंतीवर गेलं, तरी आपण दोघं तिथेच. सहाशे चाळीसला मुंग्या आल्या, तर तू साखर सोडून मुंग्या मोजायला लागलास. अण्णा दारात उभे राहून पोट धरून हसले आणि मुंग्यांना एस लागतो असं सांगून आत गेले. ते घर, ती पायरी, सगळं गेलं रे. आता आठवणारे आपण दोघंच उरलो.

लगेजचं उत्तर सविस्तर हवं. चार ओळींत भागवलंस तर पत्र परत पाठवीन, तेही तुझ्या खर्चाने.

लोभ वाढव, अक्षरही जरा मोठं काढ.

तुझी,
अक्का


ता. ११ एप्रिल

ती. स्व. अक्कास,
सा. न. वि. वि.

मुंग्या साठ होत्या. आणि साखर सहाशे चाळीस नाही, सहाशे त्रेचाळीस. तू तीन दाणे खाल्लेस ते मी पाहिलं होतं. स्टेशनवर मी नग मोजले, लगेज नाही; बाकी सविस्तर सोबतच्या कागदावर.

तुझ्या परीक्षेसाठी उजळणी म्हणून अण्णांच्या पद्धतीने कागद घेऊन घरभर फिरलो. दोन रकाने केले. चमचे, कप, चपला, छत्र्या एका बाजूला. पाणी, पीठ, धूळ दुसऱ्या बाजूला. धूळ फार निघाली. नंतर हिचं कपाट उघडलं. ती गेल्यापासून उघडलं नव्हतं. बटणांचा डबा सापडला. दोनशे बारा बटणं, त्यांतली जुळणारी चारसुद्धा नाहीत. कशाला जमवली असतील, हे विचारायला आता कुणी नाही.

तू हेअरबद्दल विचारलं नाहीस, पण परीक्षेत हमखास येतं म्हणून सांगतो. डोक्यावरचे केस म्हणजे हेअर. ते मोजत नाहीत, एस लावत नाहीत. पण सुटा एक केस सापडला, तर तो अ हेअर. मग दोन, तीन असे मोजताही येतात. मी तीस वर्षं हे वर्गात सांगत आलो आणि मुलं हसायची. त्या दिवशी हिच्या कंगव्यात एक निघाला. लांब, अर्धा काळा, अर्धा पांढरा. त्यानंतर चार दिवस मला हे पत्र पुढे लिहिता आलं नाही. अक्का, मला तिची फार आठवण येते. हे मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

सोबत पंधरा रिकाम्या जागा भरायला दिल्या आहेत. मच की मेनी, ते लिही. पुस्तकात बघायचं नाही. कॉपी करणाऱ्याशी मी संबंध ठेवत नाही, हे तुला ठाऊक आहे.

लोभ असू दे, उत्तरं शाईने असू दे.

तुझा,
भाऊ


ता. २० एप्रिल

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आत्या, तू जादूगार आहेस! बाबा स्वतः टपालाची तिकिटं आणायला बाहेर पडतात. तुझी पंधरा उत्तरं आली तेव्हा लाल शाई मिळेना, म्हणून तीन दुकानं पालथी घातली. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने पाटीवर ब्रेड्स लिहिलं आहे. त्याच्याशी अर्धा तास वाद घालून आले आणि येताना एक पाव घेऊन आले. मला म्हणाले की तुला सहा बरोबर आलीत, पण डोकं मूळचं तल्लख आहे, फक्त धसमुसळेपणा नडतो. परवा जेवताना आईचं नाव काढलं. रडले, पण जेवले.

मी पुलाच्या कामाला होकार कळवला आहे. तीस मेचं तिकीट काढलं.

एकच घोटाळा झाला. परीक्षेचा अभ्यासक्रम कुणी नीट सांगत नाही, म्हणून बाबांनी थेट तुमच्या इस्पितळाच्या मेट्रनबाईंना तीन पानी पत्र लिहिलं. मला कळलं तेव्हा ते पेटीत पडलं होतं. आता तूच निस्तर.

तुझ्या लोभाची आणि अकलेची, दोन्हींची गरज असलेली,
भाची


ता. ४ मे

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

अंगाशी आलं बाई. मेट्रनबाईंनी कामाच्या मधोमध बोलावून घेतलं. टेबलावर तुझ्या बापाचं तीन पानी पत्र, समासासकट. कोणती परीक्षा, असं त्यांनी विचारलं. सत्तावीस वर्षांत मी त्यांना एक चादर कमी दिली नाही, आणि आता ही पाळी! सगळं खरं सांगून टाकलं. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. पण इस्पितळाच्या कागदावर आपण खोटं लिहिणार नाही, तुमच्या भावाला तुम्हीच सांगा, आणि पंधरवड्यात सांगा, असं म्हणाल्या. ते बरोबरच आहे.

तू जाईपर्यंत गप्प राहावं, हा विचार माझ्याही मनात आला होता. पण त्याला दुसऱ्याकडून कळलं, तर तो जन्मात तोंड बघणार नाही. मला सांगायलाच हवं. सांगितल्यावर तो परत खुर्चीत जाऊन बसला, तर तुझं जाणं माझ्यामुळे मोडेल. इकडे आड, तिकडे विहीर. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही.

आणि तुला म्हणून सांगते, एक वेगळंच होऊन बसलं आहे. दुपारी धुलाईच्या गाड्या यायच्या आधी अर्धा तास मिळतो. तेव्हा मी चादरींच्या थप्पीवर वही ठेवून त्याचे धडे सोडवते. त्या अर्ध्या तासाची मी सकाळपासून वाट बघते. जॉब मोजता येतो आणि वर्क मोजता येत नाही, हे काल शिकले. म्हणजे तुला मिळाला तो जॉब आणि मी सत्तावीस वर्षं करते ते वर्क. हे मात्र मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

माझ्यासाठी थोडी प्रार्थना कर. आशीर्वाद आहेतच.

तुझी,
आत्या


ता. १२ मे

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र उभ्याने वाचू नकोस, बस. परीक्षा नाही. कधीच नव्हती. मुख्य बाईंची जागाही रिकामी नाही, त्या ठणठणीत आहेत. तू खुर्ची धरून बसला होतास आणि तुझ्यापायी तुझी मुलगी पुलाची नोकरी सोडायला निघाली होती. मला दुसरा उपाय सुचला नाही. थाप माझी आहे. पोरीला शिक्षा देऊ नकोस.

पण माझंही थोडं ऐक. पहिल्या पत्रातल्या चुका मी मुद्दाम केल्या होत्या. त्यानंतरच्या सगळ्या माझ्या स्वतःच्या आहेत. सहा बरोबर आली ती खरोखरच सहा आली, आणि तू लाल शाईने तल्लख लिहिलंस, तो कागद मी लिनन रूमच्या कपाटात आतल्या बाजूने चिकटवला आहे.

आई आजारी पडली तेव्हा मी तेरा वर्षांची होते. अण्णा पुढच्या खोलीत शिकवायचे. आतून आईची हाक आली की मीच उठायचे. आधी एकदा, मग चारदा, मग बसणंच बंद झालं. तुझं नंतर बघू, असं अण्णा म्हणाले होते. मी भांडी घासताना कान तुमच्याकडे लावायचे. तू उत्तर चुकलास की मी आत मनातल्या मनात बरोबर उत्तर द्यायचे. पुढे तेही सुटलं. चव्वेचाळीस वर्षं मी त्याबद्दल बोलले नाही, कारण बोलून काय होणार होतं? पण या दोन महिन्यांत कळलं की ते अजून दुखतं. मी हे तुझ्यासाठी सुरू केलं, पण तिसऱ्या धड्यापासून ते माझ्यासाठी चाललं होतं.

आता धडे बंद करायचे तर कर. रागाव, पण खुर्चीत बसून रागावू नकोस. पोरीला गाडीत बसवून ये आणि मग काय ते रागाव.

माझ्याकडून लोभात काही कमी नाही.

तुझी,
अक्का


ता. २२ मे

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं. बाबांनी वाचलं, घडी केली आणि खिशात ठेवलं. तीन दिवस झाले, खुर्चीतून हलले नाहीत. काल ताटावर बसले आणि तसेच उठले. लाल शाईच्या दौतीचं झाकणही लावलेलं नाही. मी विचारलं, तर मलाही माहीत होतं का एवढंच म्हणाले. मी हो म्हटलं.

ट्रंक अर्धी भरली होती. आज सकाळपासून कपडे परत कपाटात ठेवते आहे. तू वाईट वाटून घेऊ नकोस. तू नसतीस तर मधले दोन महिनेही आम्हाला मिळाले नसते.

लोभ आहेच. पुढचं सुचत नाही.

तुझी,
भाची


ता. २ जून

ती. स्व. अक्कास,
सा. न. वि. वि.

काल पोर कामावर हजर झाली असेल. तीस तारखेला मीच तिला गाडीत बसवून आलो. तिने कपडे कपाटात परत लावलेले पाहिले तेव्हा उठलो आणि सगळे पुन्हा ट्रंकेत भरले. तिच्या घड्या तुझ्यासारख्या नाहीत. तिला वाटलं मी तुझ्यावर रागावून बसलो होतो. तसं नव्हतं. एक गोष्ट सांगायची होती आणि ती सांगायला तोंड नव्हतं.

आईचं दुखणं त्या वर्षीच्या शेवटी जरा निवळलं होतं. शेजारच्या काकू सकाळचा वेळ तिच्याजवळ बसायला तयार होत्या. अण्णांनी मला अंगणात बोलावून विचारलं की अक्काला पुन्हा शिकवणीला बसवू या का. मी म्हणालो, तिला इंग्रजीचा कंटाळा आहे, आत काम करायलाच तिला बरं वाटतं. अण्णांनी तुला विचारायला हवं होतं, ते त्यांनी केलं नाही, ती त्यांची चूक. खोटं मी बोललो. तू बसलीस की मी दुसरा यायचो, अक्का. तू उठल्यावर पहिला येऊ लागलो, आणि ते मला सोडवेना. त्या पहिल्या नंबराच्या जोरावर मी मास्तर झालो. कॉपी करणाऱ्यांवर तीस वर्षं ओरडलो. तू मला फसवलंस दोन महिने, तेही माझ्या भल्यासाठी. मी तुला फसवलं चव्वेचाळीस वर्षं. तू भांडी घासताना मनात उत्तरं देत होतीस, हे वाचलं आणि मग मला ताटावर बसवेना.

माफी पत्रातून मागणं बरं दिसत नाही, म्हणून येतो आहे. मेट्रनबाईंना खरं काय ते लिहिलं. त्यांचं उत्तर आलं. पंधरा तारखेला दुपारी लिनन रूमचं मोठं टेबल मोकळं करून देतात. धुलाईतल्या चौघीजणीही बसणार म्हणतात. रजा संपवून एकोणीसपासून मी शाळेत जातो आहे, त्याआधी हे उरकायचं आहे. पंचवीस प्रश्नांचा पेपर काढला आहे, तो सीलबंद आहे आणि सोपा नाही. बहीण म्हणून गय होणार नाही. लाल शाई मी आणतो, निळी तू आण.

तू सगळ्यांच्या पुढे बसायचं. दोन तास जागचं हलायचं नाही. मध्ये आतून कुणीही हाक मारली, तरी तू लिहीत राहा. मी उठेन.

लोभ मागायचा हक्क उरला नाही, तरी मागतो.

तुझा,
भाऊ